कंपनीनं विचार करूनच दिलंय

गाडी कंपनीतून जशी बाहेर पडली तशीच ती चालवावी, या मताची मी बरीच वर्षं होते. नुसतं मत नव्हतं, त्याचा प्रचारही करायचे. ऑटोक्रॉसच्या मैदानावर कुणी पोरगा नव्या स्प्रिंगा नाहीतर वळणात गाडीचं कलणं रोखणारा जाडजूड अँटी-रोल बार कौतुकानं दाखवायला लागला, की मी तोंडदेखलं हसायचे आणि मनात म्हणायचे, माझदाच्या हिरोशिमातल्या इंजिनिअरांपेक्षा तुलाच जास्त कळतं का रे? आज माझ्या 1992 च्या माझदा मियाटात गाडी उलटली तर डोकं वाचवणारा रोल बार आहे, ब्रेक पॅड वेगळे आहेत, शॉक अब्सॉर्बर वेगळे आहेत, आणि पुढची चाकं डोक्याकडून आत झुकलेली आहेत. ज्यांना मी इतकी वर्षं ऐकवलं, त्यांतले काही मराठी मित्र हे वाचतील. त्यांनी हसून घ्यावं.

या मताला माझ्या धंद्याचा आधार होता. मिशिगनमध्ये मी गाड्यांच्या चाचण्यांचं काम करते. एखादी स्प्रिंग किती कडक असावी हे ठरायला किती माणसं किती महिने भांडतात, हे मी टेबलाच्या याच बाजूला बसून पाहिलेलं आहे. डिकीत सामान ठासून भरलेलं, टायर झिजलेले, पाऊस, चालवणारा दिवसभराच्या कामानं दमलेला, बाहेर उणे तीस तापमान. या सगळ्यांत गाडी नीट वागली पाहिजे. मग एक माणूस शनिवारी दुपारी घराच्या गॅरेजमध्ये पाना घेऊन आडवा होतो आणि दोन तासांत ते सगळं उलटंपालटं करतो. मला तो उद्धटपणा वाटायचा.

खरं कारण मात्र याहून जुनं आहे. पुण्यात आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती आणि बाबा तिला 'कंपनीचा पार्ट' सोडून दुसरं काही लावू द्यायचे नाहीत. मेकॅनिकनं काही सुचवलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: 'कंपनीनं विचार करूनच दिलंय.' आणि गाड्या 'अल्टर' करणारी पोरं म्हणजे कोण? फर्ग्युसन रोडवर सायलेन्सर फोडत जाणारी. आम्ही तसले नव्हतो. इंजिनिअर म्हणून मी जो युक्तिवाद करत आले, त्याच्या तळाशी हा 'आम्ही तसले नाही' चांगलाच मुरलेला होता. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की निर्मात्यानं ठरवलेल्या रचनेत मालकानं मूलभूत बदल करता कामा नये. तेव्हा मी तो निकाल घरच्या ग्रुपवर विजयी मुद्रेनं टाकला होता. वास्तविक तो कायदा रस्त्यावरच्या वाहनांसाठी, भारतातल्या. माझ्या मिशिगनमधल्या छंदाशी त्याचा काय संबंध? पण जिंकल्यासारखं वाटलं खरं.

मियाटा घेतली ती याच भक्तिभावानं. 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी लोकांसमोर आली. दोन माणसांची, उघड्या टपाची, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. 1.6 लीटरचं इंजिन, 116 अश्वशक्ती, वजन टनाच्या आतबाहेर. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन दांड्यांनी धरलेलं. हा प्रकल्प चालवणाऱ्या तोशिहिको हिराई यांच्या चमूनं गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल एका लांब चौकटीनं जोडले, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर मधे कुठे काही लवणार नाही. स्वार आणि घोडा एकजीव व्हावेत ही त्यांची कल्पना होती. अशा गाडीला हात लावणारी मी कोण?

ऑटोक्रॉस ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एखादं भलंमोठं पार्किंग किंवा वापरात नसलेली धावपट्टी, त्यावर केशरी शंकूंनी आखलेली वाट, आणि एकेका गाडीनं घड्याळाशी लावलेली शर्यत. फेरी साधारण मिनिटभराची. शंकू पाडला की दोन सेकंदांचा दंड, वाट चुकली की फेरीच बाद. आधी सगळे पायी चालून वाट पाठ करतात. आपली पाळी झाली की उन्हात उभं राहून दुसऱ्यांनी पाडलेले शंकू उचलून जागेवर ठेवायचे. मला हे शंकू उचलणं फार आवडतं. वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहिलं की कुठली गाडी कशी वळते ते चालवताना दिसत नाही इतकं स्पष्ट दिसतं.

तिथेच पहिली शंका आली. माझ्यासारखीच मूळ स्थितीतली एक मियाटा एक सद्गृहस्थ चालवत होते. वळणात शिरताना गाडीचं नाक बाहेर घसरत होतं आणि ते स्टिअरिंग आणखी, आणखी वळवत होते. पुढचे टायर जमिनीला घासत किंचाळत होते आणि गाडी मात्र सरळच जाऊ बघत होती. मला वाटलं, यांना शिकवायला हवं. मग माझ्या फेरीचं चित्रण पाहिलं. माझे हात हुबेहूब तेच करत होते.

पुढचं टोक आधी घसरणं, म्हणजे अंडरस्टिअर, हा अपघातानं राहून गेलेला गुण नव्हे. कंपन्या तो मुद्दाम ठेवतात. नाक घसरलं तर घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो, वेग उतरतो, गाडी बहुधा सावरते. शेपूट घसरलं तर तोच घाबरलेला पाय गाडी गरकन फिरवतो. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे शेवरलेची 1960 सालची कॉर्व्हेअर. इंजिन मागे, मागचा ॲक्सल झुलता. शेपटानं घात करू नये म्हणून पुढच्या टायरांत 15 आणि मागच्यांत 26 पाउंड हवा ठेवा असं कंपनीचं सांगणं. पंपावरच्या पोऱ्यानं चारही चाकांत सारखी हवा भरली की तो सगळा तोल गेलाच. खर्च वाचवण्यासाठी सुरुवातीला वगळलेला पुढचा अँटी-रोल बार 1964 मध्ये सरसकट आला आणि 1965 मध्ये ग्राहकहक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर यांनी या गाडीवर झोड उठवली. पुढे 1972 मध्ये सरकारी चाचणीत ती समकालीन गाड्यांपेक्षा वाईट ठरली नाही, हेही सांगायला हवं. एरवी कॉर्व्हेअरची गोष्ट मी मॉडिफिकेशनविरुद्ध वापरायचे: बघा, हवेच्या दाबाला हात लावला तरी काय होतं! तिच्यातून दुसरंही काही निघतं हे मला उशिरा दिसलं. कंपनीनं ज्याचा विचार केला तो चालक पंपावर हवा भरून घरी जाणारा होता. कंपनीनं विचार केला होता, बाबांचं बरोबरच होतं. फक्त तो माझ्या रविवार सकाळचा विचार नव्हता.

टायरांनी पुरावा दिला. पुढच्या दोन्ही टायरांची बाहेरची कड खाऊन गेलेली आणि आतला भाग जवळपास नवा. वळणात गाडीचं अंग बाहेर कलतं, त्याबरोबर बाहेरचं चाकही कलतं आणि सगळा भार टायरच्या कडेवर येतो. डबल विशबोन त्यातलं थोडं भरून काढतं, सगळं नाही. फेरी संपल्या संपल्या टायरमध्ये सुई टोचून तापमान घेतलं, तर बाहेरची कड भाजत होती आणि आतली कोमट. चाचणीच्या कामात हे आकडे मला कुणी दाखवले असते, तर मी दोन मिनिटांत म्हटलं असतं, कॅम्बर वाढवा, म्हणजे चाकं डोक्याकडून आणखी आत झुकवा. स्वतःच्या गाडीबाबत तेच म्हणायला मला दोन मोसम लागले.

आणि कॅम्बर वाढवायला काही कापावं-जोडावं लागलं का? अजिबात नाही. या मियाटाच्या खालच्या विशबोनचे बोल्ट एक्सेंट्रिक आहेत, म्हणजे त्यांचा दांडा मध्यावर नाही. फिरवले की चाकाचा कल बदलतो. पुढेही आणि मागेही. शिंपी ब्लाउजला आतून माया सोडतो तशी कंपनीनंच ही जागा ठेवून दिलेली आहे. जवळजवळ उभी असलेली पुढची चाकं दीडेक अंश आत झुकवली आणि पहिल्याच फेरीत नाक वळणाला चिकटून राहिलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जास्त स्टिअरिंग वळवून काही मिळत नाही हे आता हातांना कळू लागलं. आधी गाडीच मला वाईट सवय लावत होती. म्हणून नवशिक्याला सरसकट दिला जाणारा 'आधी चालवणारा सुधारा, मग गाडी' हा सल्ला मला आता अर्धाच पटतो. अश्वशक्तीबाबत तो शंभर टक्के खरा आहे. अलाइनमेंटबाबत नाही.

ब्रेकबाबत तर मुळीच नाही. ऑटोक्रॉसच्या एका मिनिटात ब्रेक तापतात न तापतात तोच फेरी संपते. मी रेस ट्रॅकवरही गाडी चालवते, आणि तिथे एकेक सत्र वीस मिनिटांचं असतं. साउथ हेवनच्या जिंजरमॅन रेसवेवर, लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, माझं पेडल एकदम मऊ झालं. दाबलं तर खाली, पुन्हा दाबलं तर थोडं वर. तिथे कडेला भरपूर मोकळी हिरवळ आहे आणि मी तिचा पूर्ण उपयोग केला. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 प्रतीचं ताजं फ्लुइड कमीत कमी 205 अंशांपर्यंत उकळू नये अशी अट असते; पाणी मुरलेल्यासाठी तीच अट 140 वर येते. माझ्या गाडीतलं कधी भरलेलं होतं देव जाणे. फ्लुइड उकळलं, वाफ झाली, वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. आता डॉट 4 असतं, दर मोसमाला नवं, आणि जास्त तापमान झेलणारे पॅड. ते थंडीत किंचाळतात आणि काळी धूळ सोडतात. कुठलीही कंपनी ते रोजच्या गाडीत देणार नाही, आणि देऊही नये.

रोल बारचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. उघड्या टपाच्या गाडीला तो नसेल तर बरेच आयोजक ट्रॅकवर सोडतच नाहीत, आणि हेल्मेट घातलेलं डोकं बारच्या वरच्या कडेखाली राहतं का हे काठी लावून तपासतात. बसवला की ट्रॅकवर मी सुरक्षित. पण घरी परतताना हेल्मेट नसतं आणि तोच पोलादी नळ डोक्यामागे वीतभर अंतरावर असतो. मागून कुणी ठोकलं तर? म्हणून त्यावर टणक फोमचं जाड आवरण. तरीही मी ती गाडी आता रोजच्या कामाला काढत नाही. एक बदल केला आणि गाडीचा एक उपयोग गेला. जुन्या मतातला हा भाग मी सोडलेला नाही: बदल फुकट मिळत नाही. चिकट टायर लावले की अंग जास्त कलतं, म्हणून कडक स्प्रिंगा. त्यांना आवरायला नवे शॉक अब्सॉर्बर. आणि वाढलेला जोर शेवटी पुढच्या चाकांच्या बेअरिंगवर. गाडी फार खाली बसवली तर सस्पेन्शन रबरी ठोकळ्यांवर टेकतं आणि जी मऊ, बोलकी चाल हिराईंच्या लोकांनी मेहनतीनं आणली ती गेलीच. माझ्या स्प्रिंगा अजून मूळच्याच आहेत. सायलेन्सरही मूळचाच, पण तिथे मी प्रामाणिक राहीन. ते अभियांत्रिकीपेक्षा फर्ग्युसन रोडमुळेच आहे.

मनातली मूर्ती शेवटी फुटली ती इंजिनापाशी. हे इंजिन मुळात माझदाच्या 323 या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतलं, तिथे ते आडवं बसायचं. पाणी एका टोकानं आत आणि दुसऱ्या टोकानं बाहेर, म्हणजे चारही सिलिंडरांजवळून प्रवाह. मियाटात ते उभं बसवलं आणि मागचं टोक केबिनच्या भिंतीला भिडलं. पाइप न्यायला जागा नव्हती, म्हणून पाण्याची बाहेरची वाट पुढेच काढली. आता पाणी पुढून शिरतं आणि बहुतेक पुढूनच निघून जातं. मागचा चौथा सिलिंडर तापट राहतो. रस्त्यावर याचा त्रास नाही, लाखो गाड्यांनी ते सिद्ध केलं आहे. उन्हाळ्यात ट्रॅकवर वीस मिनिटं इंजिन ताणणाऱ्याला मात्र ते जाचतं. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. अशा बैठकीत मीही बसलेली आहे. जागा नाही, वेळ नाही, खर्च परवडत नाही, आणि जे जमतं ते पुरेसं चांगलं आहे असं सगळे मान्य करतात. त्या बैठकीतल्या निर्णयाला मी इतकी वर्षं हात जोडत होते.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याच्या बाहेरच्या वाटेवरची झडप, पुन्हा मागे नेऊन पाण्याची वाट पालटण्याचे संच मिळतात. अडचण नियमांची आहे. ऑटोक्रॉसमध्ये मी ज्या स्ट्रीट गटात उतरते, तिथे जे स्पष्टपणे चालेल म्हटलेलं नाही ते चालत नाही. माझे शॉक, पॅड, अलाइनमेंट आणि रोल बार त्यात बसतात. ही पाण्याची वाट बसत नाही. ती बदलली, तर मिनिटभराच्या फेरीत जिचा काडीचा फायदा नाही अशा बदलासाठी मला कितीतरी जास्त बदललेल्या गाड्यांच्या गटात जावं लागेल, आणि तिथे मी खालून पहिली येईन. संच मागवला आहे. बर्फ पडायला लागला आणि रस्त्यावर मीठ आलं की गाडी तशीही एप्रिलपर्यंत गॅरेजमध्येच असते.