बनगरवाडीच्या वाटेवर

दोस्तांनो, सातारा म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? अजिंक्यतारा, कंदी पेढे, कासची फुलं! आणि सांगली म्हटलं की गणपतीचं देऊळ, कृष्णेचा घाट, हळदीचा बाजार. पण या दोन्ही जिल्ह्यांच्या पूर्वेला एक निराळाच मुलूख आहे. माणदेश त्याचं नाव. चला, आज तिकडं जाऊ या. आपले वाटाडे आहेत लेखक व्यंकटेश माडगूळकर.

साताऱ्याहून निघालं की चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर औंध लागतं. पूर्वी हे संस्थान होतं. इथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते, शिवाय स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ साली उभारलेलं संग्रहालय इथल्या टेकडीवर आहे. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथं बघायला मिळतात. चुकवू नका हं!

औंध सोडून पूर्वेला जाऊ लागलं की हिरवा रंग हळूहळू पुसट होतो. एकाच सातारा जिल्ह्यातली गंमत बघा. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो आणि माणदेशात पाचशेच्या आसपास, कधी तेवढाही नाही! ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात, मग पुढच्यांच्या वाट्याला काय उरणार? म्हणून इथं बाभळी, बोरी, कुसळी गवत आणि मैलोगणती माळ. या माळावर माणसं मेंढरं राखतात. इथली खिलारी बैलं तर काटक नि देखणी! खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत त्यांचा मोठा बाजार भरतो.

आता आपण सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात आलो. हाही भाग पूर्वी औंध संस्थानातच होता. इथल्या माडगुळे गावी १९२७ साली व्यंकटेशचा जन्म झाला. थोरले भाऊ म्हणजे कवी ग. दि. माडगूळकर, आपले गदिमा. या भावांची लिहायला बसायची जागा गावात होती. तिला म्हणत ‘बामणाचा पत्रा’. नाव ऐकून हसू आलं ना?

धाकट्या व्यंकटेशनं १९४२च्या चळवळीत भाग घेतला. हायस्कूलचं शिक्षण काही पुरं झालं नाही. पण म्हणून तो स्वस्थ बसला का? छे! त्यानं आपलं आपण इंग्रजी शिकून घेतलं. चित्रं काढली. आणि सर्वांत मोठं काम केलं, ते म्हणजे माणसं नीट पाहिली. गावातला रामोशी, मेंढका, शाळकरी पोर, कुणालाही त्यानं क्षुल्लक मानलं नाही. तीच माणसं १९४९ साली ‘माणदेशी माणसं’ या पुस्तकात आली. तेव्हा लेखकाचं वय होतं अवघं बावीस!

मग १९५५ साली आली ‘बनगरवाडी’ ही कादंबरी. तिचा नायक कुणी शूर सरदार नाही बरं का! तो आहे औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर, तुमच्या दादाच्या वयाचा. त्याला धनगरांच्या वाडीवर पाठवतात. तिथं शाळा आहे, पण पोरं कुठायत? ती तर मेंढरांमागं! मास्तर लोकांशी बोलतो, त्यांची कामं करतो, हळूहळू वाडीचा होतो. सगळे मिळून तालीम बांधतात, खुद्द राजेसाहेब ती बघायला येतात. वाटतं, आता सगळं छान होणार. आणि पाऊस दगा देतो. चारा संपतो, जनावरं मरू लागतात, घरांमागून घरं रिकामी होतात. वाडीच मोडते. पुस्तक मिटल्यावर आपण गप्प होतो.

ही वाडी म्हणजे आटपाडीजवळची लेंगरेवाडी, असं इकडं सांगतात. माळावरच्या या वाडीची गोष्ट इंग्रजीतही गेली. १९९५ साली अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट काढला. आईबाबांना विचारा, त्यांनी पाहिला असेल.

पुढं माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रम करू लागले. रानावनात हिंडले. ‘सत्तांतर’मध्ये त्यांनी वानरांच्या टोळ्यांची गोष्ट लिहिली, तिला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. हायस्कूल पुरं न केलेला मुलगा! २००१ साली ते गेले.

आज माणदेश थोडा बदलला आहे. कराडजवळच्या टेंभू इथं कृष्णेचं पाणी उचलतात आणि ते चढवत चढवत आटपाडीपर्यंत आणतात. डाळिंबाच्या बागा दिसतात. पण पाऊस रुसला की अजूनही लोक आभाळाकडं बघतात. कळप घेऊन निघालेले मेंढपाळ आजही रस्त्यानं भेटतात.

तसा कळप दिसला तर गाडीचा हॉर्न वाजवायला लावू नका. जरा थांबा, बघा. मेंढक्याच्या खांद्यावर घोंगडी असेल, एखादं पोर मागं राहिलेलं कोकरू उचलून घेत असेल. ते पोर तुमच्याच वयाचं असेल. त्याची शाळा कुठली, हे विचारायला मात्र विसरू नका.