पोट वर आलं की एक

लहान मुलाची तपासणी स्टेथोस्कोपने सुरू करू नये. थंड चकती छातीला लागली की मूल दचकतं, रडतं, आणि रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजून हाती काही लागत नाही. म्हणून मूल आईच्या मांडीवर शांत असतानाच मी तिला त्याचं झबलं हळूच वर करायला सांगते. दूध पीत असेल तर पिणं होईपर्यंत थांबते. मग घड्याळ समोर धरायचं आणि पोटाकडे बघत राहायचं. पोट वर आलं की एक, पुन्हा वर आलं की दोन. असे पूर्ण साठ सेकंद.

पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचा मोह होतो, विशेषतः पावसाळ्यात, बाहेरच्या बाकांवर बसायला जागा नसते तेव्हा. पण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. काही वेळ भरभर, मग मंद, मधेच क्षणभर थांबलेला. पंधरा सेकंदांत दोन श्वास जास्त धरले गेले तर मिनिटाला आठ वाढतात आणि तेवढ्याने निदान बदलतं. बालरोगाच्या कामात मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे एक मिनिट.

खोकला असलेल्या मुलासाठी आकडे ठरलेले आहेत. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, दोन महिने ते एक वर्षाचं ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त, तर न्यूमोनिया आहे असं धरून चालायचं. अगदी लहान बाळात साठच्या वर आकडा आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करायची.

श्वास का वाढतो, हे समजलं की आकडा लक्षात राहतो. न्यूमोनियात फुप्फुसाचा काही भाग सुजतो, पाण्याने भरतो आणि ताठर होतो. ताठर फुप्फुस फुगवायला जोर लागतो. मोठा श्वास परवडत नाही म्हणून मूल छोटे छोटे, भराभर श्वास घेतं. आजार वाढला की दुसरी खूण दिसते. लहान मुलाच्या बरगड्या मऊ असतात, त्यामुळे श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत ओढला जातो. या दोन्ही खुणा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. कानाला ऐकू येणारी घरघर मात्र तान्ह्या मुलात पुष्कळदा फसवते. नाक चोंदलेलं असलं तरी छातीभर आवाज घुमतो, आणि खरा न्यूमोनिया कधी कधी अगदी शांत असतो.

हे शास्त्र मोठ्या इस्पितळात जन्मलं नाही. फ्रँक शॅन या डॉक्टरांनी पापुआ न्यू गिनीत, जिथे एक्स-रे दुर्मीळ होते, कोणत्या मुलाला औषध द्यायचं आणि कोणाला दाखल करायचं हे ठरवण्यासाठी श्वासांची गती आणि आत ओढली जाणारी छाती या खुणा पारखल्या. १९८४ साली ते काम प्रसिद्ध झालं. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ते गावातल्या दाईच्या हातात दिलं. शंभरापर्यंत अंक न येणाऱ्या बाईने साठ श्वास कसे मोजायचे? त्यांनी एक साधं साधन केलं. वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. दाई, गावातले आरोग्यसेवक आणि कार्यकर्ते यांनी तिथे मुलांना औषध दिलं. १९९० साली 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात, या गावांतला न्यूमोनियाचा बालमृत्युदर शेजारच्या गावांच्या निम्म्याहून कमी होता.

हा अभ्यास मला जवळचा वाटतो, कारण माझ्यासमोर बसलेल्या बाईवर तो विश्वास ठेवतो. "मॅडम, रात्रीपासून ह्याचं पोट लई उडतंय," असं एखादी आई म्हणते, तेव्हा तिने निम्मं निदान केलेलं असतं. "पितोय, पण दोन घोट घेतो अन् सोडतो," असं ती पुढे सांगते, तेव्हा ती मला आजाराची तीव्रता सांगत असते. श्वासासाठी धडपडणाऱ्या मुलाला दूध ओढायला सवड मिळत नाही. कधी पोटावर बिब्ब्याचे किंवा डागण्याचे व्रण दिसतात. त्यावर रागावून काही साधत नाही. त्या घरातल्या कुणीतरी उडणारं पोट बरोबर पाहिलं होतं, धोका ओळखला होता. त्यांना योग्य उपाय ठाऊक नव्हता, एवढंच. मी आजीला सांगते, "आजी, तुम्ही बरोबर ओळखलंत. पुढच्या वेळी डाग देऊ नका, त्याच पावली इकडे या."

उपाय साधा आहे. श्वास जलद आहे, पण छाती आत ओढली जात नाही आणि मूल पितंय, तर वजनाप्रमाणे अ‍ॅमॉक्सिसिलिनचं पातळ औषध, पाच दिवस. दोन दिवसांनी पुन्हा दाखवायचं. ताप तिसऱ्या दिवशी उतरला म्हणून बाटली फडताळात ठेवून द्यायची नाही. श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येत असेल तर दम्यासारखा त्रास असू शकतो. त्याला श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध आधी द्यावं लागतं आणि श्वास पुन्हा मोजावा लागतो. श्वास मर्यादेत असेल, नाक वाहतंय आणि मूल खेळतंय, तर ती सर्दी. ती विषाणूंमुळे होते आणि अ‍ॅंटिबायोटिकने एक दिवसही लवकर बरी होत नाही. ऊब, अंगावरचं दूध आणि थोडा धीर पुरतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मात्र चाटवू नये.

जुलाबातही हेच. टाळू खोल गेली, डोळे आत गेले, लघवी कमी झाली, हे आई आधी पाहते. मी पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडते आणि ती किती सावकाश मागे जाते ते बघते. घरचे सलाईन मागतात. मूल पिऊ शकत असेल तर मी वाटी-चमचा मागवते. जुलाब चालू असतानाही आतडं साखरेबरोबर मीठ शोषत असतं आणि मिठामागे पाणी आत जातं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईनचे साठे संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिथे साखर-मिठाचं पाणी पाजून मृत्यूचं प्रमाण शंभरात तीसच्या घरातून चारच्या आत आणलं. साखर-मिठाची (ओआरएसची) पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवायची. अर्ध्या ग्लासात घातली तर मीठ जास्त होतं आणि अपाय होतो. सोबत चौदा दिवस झिंक. अंगावरचं दूध आणि पेज चालू ठेवायची.

काही खुणा दिसल्या की घरी थांबायचं नसतं. मूल काहीच पीत नाही, घेतलेलं सगळं ओकतं, झटके येतात, हाक मारली तरी मलूल पडून राहतं, छाती आत ओढली जाते, ओठ निळसर पडतात, तर रात्र असो वा पाऊस, इस्पितळ गाठायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात नुसता जलद श्वाससुद्धा पुरेसा आहे. तिथे तोंडाने द्यायच्या औषधावर वेळ घालवायचा नाही. ऑक्सिजन आणि शिरेतून औषध हवं.

औषधाची चिठ्ठी लिहून झाल्यावर मी आईच्या हातात मोबाइल देते, त्यातलं घड्याळ लावते आणि तिच्याच बाळाचे श्वास तिला मोजायला लावते. दोघींचा आकडा जुळेपर्यंत मोजतो. सोबत सासू आली असेल तर तिलाही. यात दहा मिनिटं जातात, बाहेरची रांग कुरकुरते, पण मी ती सोडत नाही. न्यूमोनिया रात्रीही बळावू शकतो, आणि रात्री बाळाजवळ मी नसते, आई असते. "बरं दिसत नाही" या धास्तीऐवजी "पन्नासच्या वर गेलंय" असं ठामपणे ती नवऱ्याला सांगू शकली, तर गाडी तेव्हाच निघते, सकाळची वाट बघत नाही. माझ्या औषधाला उपयोगी पडायला जो वेळ लागतो, तो तीच मिळवून देते.