निनावी प्रश्नांना उत्तरे

मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयातील एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात काम करीत असताना, चाचणी विनामूल्य, अहवाल बहुधा त्याच दिवशी आणि २००४ पासून औषधेही शासनाकडून मोफत, असे सारे असूनही ज्या तरुणांना तिची निकड सर्वाधिक तेच आमच्या दारापाशी येऊन परत फिरतात, हे पाहून मी फार अस्वस्थ होत असे. केसपेपरच्या खिडकीवरील कारकुनापासून बाकावर बसलेल्या अनोळखी इसमापर्यंत प्रत्येकजण आपल्याला ओळखील, ही धास्ती त्यांना रोगाहून मोठी वाटे.

तेव्हा ही मुले ज्या मोबाइल ॲपवर एकमेकांना शोधतात, तेथेच केंद्राचा क्रमांक देऊन आपण उपस्थित राहावे, अशी तजवीज आमच्या क्षेत्रीय कार्यकर्त्यांनी केली. संदेशाच्या मजकुरावर आम्ही पुष्कळ खल केला, कारण एका खोलीत सहासात जण राहतात तेथे फोन एकट्याचा नसतो. म्हणून रोगाचे नाव वगळून केवळ वेळ आणि खोलीचा क्रमांक लिहायचे ठरले. प्रश्न येत ते मध्यरात्रीनंतर. ‘मॅडम, आधार कार्ड दाखवावं लागेल का?’ हा सर्वांत वारंवार. आणि ते सक्तीचे नाही हे कळताच पुढचे, अधिक खाजगी प्रश्न सुरू होत. संबंध येऊन तीन दिवस उलटले नसतील तर प्रतिबंधक औषधासाठी त्याच रात्री डॉक्टरांना गाठावे लागते, कारण बहात्तर तासांनंतर ते सुरू करण्यात अर्थ उरत नाही. सकाळी दप्तर उघडेपर्यंत थांबण्याची ती बाब नव्हे, आणि या एका कारणासाठीही मला हा उद्योग मोलाचा वाटतो.

अहवाल मात्र फोनवर द्यायचा नाही, यावर मी ठाम राहिले. पहिल्या चाचणीत लागण दिसल्यास निदानापूर्वी आणखी दोन वेगळ्या चाचण्या कराव्या लागतात. आणि लोकलच्या गर्दीत उभ्या असलेल्या एकट्या मुलाच्या हातात असा निकाल ठेवणे मला क्रूरपणाचे वाटते.

शिवणकामाच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण कित्येक महिने नाव न सांगता लिहीत राहिला आणि अखेर आला. अहवाल बाधित निघाला. त्याने प्रथम विचारले, ‘गावी कळवणार का?’ संमतीवाचून असे गावी कळवण्यास २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे, हे मी त्याला कलम उघडून दाखवले. नियमित गोळ्यांनी रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका घटला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हेही सांगितले. ते ऐकताना तो प्रथमच माझ्याकडे सरळ पाहत होता. पुढे त्याच क्रमांकावरून, आता नावानिशी, प्रश्न आला: आठवड्याआड रात्रपाळी असते, गोळी कितीला घेऊ? दोन्ही पाळ्यांत जमेल अशी एकच वेळ आम्ही दोघांनी मिळून ठरवली: रात्री नऊ, जेवणानंतर.