अडसर

आमच्या वाड्याचा पुढचा दरवाजा रात्री नऊला लागायचा. आजोबा कडी कोयंड्यात अडकवायचे आणि मग भिंतीच्या पोटातून अडसर ओढायचे. चौकटीच्या डाव्या अंगाला भिंतीत खोल पोकळी होती. मनगटाएवढा जाड सागवानी दांडा दिवसभर तिच्यात पडून असायचा. तो घरघरत बाहेर यायचा आणि समोरच्या खोबणीत टेकला की ‘ठक्’ असा आवाज व्हायचा. माजघरात अंथरुणावर पडल्या पडल्या आम्ही पोरं त्या आवाजाची वाट बघायचो. ठक् झालं की डोळे मिटायचे.

आता हा शब्द मला रोज वर्तमानपत्रात भेटतो. प्रकल्पात अडसर, युतीत अडसर, बढतीत अडसर. ज्याच्या भरवशावर अख्खं घर झोपायचं, तो आता फक्त नकोसा अडथळा उरला आहे. वाचताना दरवेळी वाईट वाटतं.

वाडे गेले, पण बोलण्यात आपण अजून वाड्यातच राहतो. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, हे सहज बोलून जातो. पण आढं म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, त्यावरून वासे उतरतात आणि वासे संपतात तिथे वळचण, हे माझ्या मुलीला कागदावर काढून दाखवावं लागलं. खाल्ल्या घरचे वासे मोजायला जेवणाऱ्याने नुसती मान वर केली तरी पुरे, हे तिला तेव्हा उमगलं.

घराचं माप ‘खण’ होतं. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. आमचं माजघर पाच खणांचं, ओसरी तीन खणांची. सुतार फूट-इंच धरायचा. घरातली माणसं मात्र खणच मोजायची. खांब जमिनीत पुरलेला नसे. तो तळखड्यावर, म्हणजे घडीव दगडाच्या बैठकीवर उभा असे, त्यामुळे ओल आणि वाळवी लाकडापर्यंत सहज पोचत नसे. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे सुरूच्या आकाराचे खांब बघायला लोक थांबतात. मी आधी तळखडा बघते.

आणि दिंडी. मोठ्या दरवाज्याच्या फळीतला तो छोटा दरवाजा. शनिवारवाड्याची पायाभरणी 1730 सालची. 1828च्या आगीत आतले लाकडी महाल गेले, पण अणकुचीदार खिळ्यांचा दिल्ली दरवाजा उभा आहे आणि त्यालाही दिंडी आहे. एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. फौज घुसू नये म्हणून केलेली ती सोय. आमच्या साध्या वाड्यातही पाहुण्याला दिंडीतून वाकूनच यावं लागे. आत आलेल्याची पहिली हालचाल नमस्कारासारखी व्हायची.

देवडी, चौक, ओसरी, माजघर, परसू. कोण कुठवर येणार, हे या नावांनीच ठरत असे. पोस्टमन ओसरीपर्यंत, सोयरे माजघरापर्यंत. काही माणसांना चौकाची पायरीसुद्धा चढू दिली जात नसे, आणि आजीचं सगळं आयुष्य माजघराच्या अंधारात गेलं. वाड्याबद्दल लिहायचं तर हेही लिहायला हवं. माझी माया त्या लाकडावर आहे, त्या रीतीवर नाही.

वाडा पाडायचा ठरला, तेव्हा आजी पंच्याऐंशी वर्षांची होती. मी वहीत घराचा नकाशा काढला आणि तिच्यापुढे धरला. ती बोट ठेवत गेली, मी लिहीत गेले. कोनाडा, फडताळ, बळद, न्हाणी, पोटमाळा, सज्जा. जिन्याखालच्या तिकोनी जागेवर बोट आलं तेव्हा ती थबकली. तिला नाव नव्हतं. ‘मी तिथं बसून रडायची,’ एवढंच म्हणाली. नकाशात ती जागा मी कोरीच ठेवली आहे.

पाडकाम करणाऱ्यांनी सागवान मोजून नेलं. अडसर तेवढा मी मागून घेतला. फ्लॅटच्या भिंती सहा इंचांच्या, त्यांच्या पोटात तो मावत नाही. म्हणून दाराशेजारी उभा करून ठेवलाय. एका टोकाला आजोबांच्या हातानं गुळगुळीत झालेली जागा आहे.

तुमच्या गावचं घर अजून उभं असेल आणि त्यातलं जुनं माणूस बोलत असेल, तर या सुट्टीत एक वही घेऊन जा. नकाशा वेडावाकडा आला तरी चालेल. नावं तेवढी त्यांच्या तोंडून लिहून घ्या.