पानादेरीयात पान मिळत नाही

आमच्या हॉस्टेलवर माझ्या मराठीवरून पुष्कळ विनोद होतात. कॉन्व्हेंटची पोर ना! एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझा अजून गोंधळ होतो. तेव्हा मंडळी, चुका पदरात घ्या.

तर मागच्या सेमला हौसेनं स्पॅनिशचा क्लास लावला. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'पानादेरीया'. मागच्या बाकावरून लगेच आवाज, "पानाची टपरी!" पण स्पॅनिशमध्ये पान म्हणजे पाव. (आपला 'पाव' पोर्तुगीजांकडून आला, तो या 'पान'चा सख्खा भाऊ. दोघंही लॅटिनची लेकरं.) पाव करणारा पानादेरो, त्याचं दुकान पानादेरीया. सापातो म्हणजे बूट, ते शिवणारा सापातेरो, दुकान सापातेरीया. 'एरो' लावला की माणूस, 'एरीया' लावला की दुकान! आपल्या कँटीनला ऐटीत कॅफेटेरिया म्हणणाऱ्यांनो, तुम्हीही स्पॅनिशच बोलताय.

लिब्रो म्हणजे पुस्तक, पण लिब्रेरीया म्हणजे लायब्ररी नव्हे, पुस्तकांचं दुकान. यात माझा टेस्टमधला एक मार्क गेला. केस कापायचं दुकान पेलुकेरीया, ते 'पेलुका'वरून, म्हणजे केसांचा टोप! टोप गेले, पाटी राहिली. द्रोगेरीयात स्पेनमध्ये साबण आणि रंग मिळतात, कोलंबियात औषधं. डोकं दुखत असेल तर देश बघून शिरा.

आपल्या सोनार, लोहार, कुंभारातही 'कार' दडलाय, हे मला त्या क्लासात बसून कळलं. घरी इतकी वर्षं ऐकून नाही कळलं.

मग एके दिवशी प्रत्येकानं वडिलांचं काम सांगायचं होतं. माझ्या पोटात गोळा. शाळेच्या फॉर्मवर मी बाबांपुढे 'बिझनेस' लिहायचे. खरं तर आमचं खिळे, नटबोल्ट, कडीकोयंड्याचं दुकान. बाबांच्या हाताला कायम ग्रीसचा वास. सातवीत असताना ते एकदा विसरलेला डबा द्यायला शाळेत आले. मैत्रिणीनं विचारलं, हे कोण? मी म्हटलं, "दुकानातले काका." बाबांनी ऐकलं. काही बोलले नाहीत. आजपर्यंत नाही.

मॅडमना शब्द विचारला. फेर्रेतेरीया. मूळ लॅटिन 'फेर्रुम' म्हणजे लोखंड, केमिस्ट्रीतलं 'एफ ई' तेच. गंमत बघा, स्पॅनिशमध्ये लोखंडाच्या शब्दातला 'फ' कधीच गळाला, आता नुसतं 'येर्रो' म्हणतात. दुकानाच्या नावात मात्र तो अजून शाबूत आहे.

उभी राहिले आणि म्हटलं, "मी पाद्रे तिएने उना फेर्रेतेरीया." माझ्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आहे. (तिकडे 'मी' म्हणजे 'माझे'.)

दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांना तो शब्द कागदावर लिहून दिला. त्यांनी दोनदा वाचला. "स्पेलिंग बरोबर आहे ना?" म्हणाले, आणि गल्ल्याच्या वर, गणपतीच्या कॅलेंडरशेजारी खिळा ठोकून लावला. गिऱ्हाइकानं विचारलं तर सांगतात, "आपल्याच दुकानाचं नाव आहे. पोरीनं लिहिलंय."