दिल्लीची सहल

आमच्या धर्मग्रामातील मराठी भाषिक मंडळींनी दिल्लीला जाण्याचे मनावर घेतले, त्याला आता चार महिने होतील. दर रविवारी मराठी मिस्सा आटोपल्यावर सभागृहात चहाचे पेले हाती घेऊन ही चर्चा चालते. अंधेरीच्या पूर्वेकडे वस्ती करून असलेली ही माणसे. कोणी नगर-जालन्याकडून पोटापाण्यासाठी आलेली, कोणी वसईची, तर काही थोडी घरे येथील मूळची, ईस्ट इंडियन. ह्यांपैकी पुष्कळांची वेलांकणीची यात्रा झालेली आहे. २०२४ च्या अखेरीस जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले झाले, तेव्हा दोन गाड्या भरून आमची माणसे तेथे जाऊन आली. यात्रा त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु केवळ पाहण्यासाठी, फिरण्यासाठी पैसे खर्चून जायचे, ह्याचा त्यांना संकोच वाटतो. पहिल्याच बैठकीत एका आजोबांनी विचारले, “फादर, दिल्लीत आपले तीर्थस्थान कोणते?” प्रश्नाचा रोख आम्ही ओळखला. घरी सुनेला सांगायला एखादे पवित्र निमित्त हवे होते.

निमित्ते पुष्कळ आहेत. गोल डाकखान्याजवळचे येशूच्या पवित्र हृदयाचे कॅथीड्रल आहे. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९९ च्या नोव्हेंबरात आशिया खंडातील ख्रिस्तसभेविषयीच्या प्रेषितीय पत्रावर तेथेच स्वाक्षरी केली, आणि दुसऱ्या दिवशी, ऐन दिवाळीत, नेहरू स्टेडियममध्ये मिस्सा अर्पण केली. ओखल्याला होली फॅमिली रुग्णालयाच्या परिसरात ‘सराय जुलेना’ नावाची वस्ती आहे. मोगल दरबारात मानमरातब मिळवलेल्या जुलियाना डायस दा कोस्टा ह्या पोर्तुगीज वंशाच्या कॅथलिक स्त्रीचे नाव त्या जागेला आजही चिकटून राहिले आहे. मेरठजवळच्या सरधन्याला बेगम समरूने बांधविलेली भव्य बॅसिलिका आहे. ही बाई नर्तकी होती, पुढे सैन्य बाळगणारी जहागीरदारीण झाली आणि १७८१ साली आग्र्याला तिने बाप्तिस्मा घेतला. सेमिनरीत असताना आम्ही तिच्याविषयी प्रथम वाचले. तेव्हापासून ते चर्च एकदा डोळ्यांनी पाहावे, ही आमची इच्छा आहे.

प्रवास ठरविताना सर्वांत कठीण प्रकरण म्हणजे तारीख. आमच्यासारख्यांचे पंचांग दुहेरी असते. एक शाळेचे आणि दुसरे देवळाचे. मे महिन्यात मुलांना सुट्टी, पण दिल्लीचा पारा तेव्हा चाळिशी ओलांडतो. नाताळात धर्मगुरू धर्मग्राम सोडून जाऊ शकत नाही. शिवाय डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे धुके इतके दाट पडते की गाड्या तासन्‌तास रखडतात. दिवाळीची सुट्टी सोयीची खरी, परंतु ऑक्टोबर-नोव्हेंबरात पंजाब-हरियाणाकडे भाताचे खुंट जाळतात. वारा पडलेला असतो आणि हवा थंड असते. त्यामुळे तो धूर शहरातील गाड्यांच्या धुरासह दिल्लीवर तसाच बसून राहतो. आमच्यात दम्याचे पाचसहा रुग्ण आहेत. उरला फेब्रुवारी. त्यातही भस्म बुधवार लागला म्हणजे प्रायश्चित्तकाळ सुरू होतो, आणि त्या दिवसांत चांदणी चौकात पराठे खात हिंडण्याला लोकांची ना नसली तरी आमची आहे. म्हणून भस्म बुधवारापूर्वीचा आठवडा निश्चित झाला. दहावीला बसलेल्या मुलांची घरे त्यामुळे गळली. त्याला इलाज नाही.

वारांचाही घोळ होताच. लाल किल्ला सोमवारी बंद, राष्ट्रीय संग्रहालयही सोमवारी बंद, आणि आग्र्याचा ताजमहाल शुक्रवारी बंद. रविवारी सकाळी कॅथीड्रलमध्ये मिस्सा, दुपारी लाल किल्ला, आणि सोमवारी कुतुबमिनार व हुमायूनची कबर, असा मेळ आम्ही घातला.

लाल किल्ल्यावरून मात्र एक रविवार चांगलाच रंगला. आमच्यातील निवृत्त शिक्षक तरुणांना सांगत होते की दिल्ली आपल्याला परकी नाही. मोहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानीच उचलून आपल्या देवगिरीला आणली व तिचे नाव दौलताबाद ठेवले. १७३७ साली बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकला. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि परागंदा झालेल्या शाह आलम बादशहाला परत तख्तावर बसविले. मुलांचे चेहरे उजळले. तेव्हा गुरुजींनीच पुढे सांगितले, की १७६० साली सदाशिवरावभाऊंनी ह्याच किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे चांदीचे छत काढून त्याचे रुपये पाडले. “लूट की नाही, गुरुजी?” एका मुलाने विचारले. गुरुजी म्हणाले, फौजेला द्यायला पैसा नव्हता, माणसे व जनावरे उपाशी होती. मुलगा म्हणाला, पण छत तर दुसऱ्याचे होते! गुरुजी निरुत्तर झाले नाहीत, पण गप्प राहिले. आम्हांला तो मुलगा आवडला. त्या दिवाणखान्यात उभे राहून वर पाहिल्यावर ह्या दोन्ही गोष्टी त्याला आठवाव्यात. पानिपत दिल्लीपासून नव्वदेक किलोमीटरवर. तेथेही जावे असा काहींचा आग्रह होता. एक अख्खा दिवस मोडतो म्हणून तो बारगळला.

जाता जाता एक गोष्ट बोलून दाखवितो. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचे अवशेष पाहायला दिल्लीला निघालेल्या ह्या मंडळींपैकी कितीजणांनी सीप्झच्या आवारातील, १५७९ साली उभारलेले जुने चर्च पाहिले आहे? हात वर झाले ते अवघे सहा. त्या चर्चनंतर एकाच वर्षाने, १५८० साली, गोव्याहून निघालेले येशूसंघीय फादर रुदोल्फ अक्वाविवा व त्यांचे सोबती अकबराच्या फत्तेपूर सिक्रीला पोहोचले होते.

इंडिया गेटसाठी आम्ही एका संध्याकाळचा अर्धा तास ठेवला होता. मुलांनी तेथे आइस्क्रीम खावे, मोठ्यांनी फोटो काढावेत, एवढेच मनात होते. त्या बैठकीनंतर एक आजी मागे थांबल्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. मिस्सेला कधी न चुकणाऱ्या, पण बैठकीत तोंड न उघडणाऱ्या. त्यांचे यजमान फौजेत होते व १९७१ च्या डिसेंबरात पश्चिम सरहद्दीवर कामी आले, हे आम्हांला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. देह घरी आला नाही. अंत्यविधी तिकडेच झाला. आजी म्हणाल्या, “फादर, दोन नोव्हेंबरला सगळे आपापल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावतात. माझी कबर नाही. मी दरवर्षी मोठ्या क्रुसाच्या पायथ्याशी लावते. नातू सांगतो, दिल्लीला भिंतीवर त्यांचे नाव आहे.”

ते राष्ट्रीय युद्धस्मारक इंडिया गेटलगतच आहे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. एकात एक अशी चार वर्तुळे; त्यांतील त्यागचक्राच्या भिंतींत प्रत्येक जवानाच्या नावाची एक एक ग्रॅनाइटची वीट बसविलेली आहे. अशी पंचवीस हजारांहून अधिक नावे तेथे आहेत. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. आजींना दोन नोव्हेंबरलाच जावेसे वाटत होते, परंतु त्यांची छाती नाजूक आहे आणि डॉक्टरांनी त्या दिवसांतील दिल्लीला स्पष्ट नकार दिला. फेब्रुवारीला त्या कबूल झाल्या.

पुढच्या बैठकीत, आजींची परवानगी घेऊन, आम्ही हे सर्वांना सांगितले. सभागृहात काही वेळ कोणी बोलले नाही. मग गुरुजींनीच कार्यक्रमाचा कागद पुढे ओढला. मंगळवारची संपूर्ण सकाळ स्मारकासाठी राखली गेली. नाव शोधायला वेळ लागेल, आजींना बसावेसे वाटेल. तेथे घाई उपयोगाची नाही. बुधवारचे आग्रा कोणी सोडायला तयार नव्हते आणि ते रास्तही होते. आयुष्यात एकदाच जाणाऱ्याला ताजमहाल चुकवायला कसे सांगावे? मंगळवारी सरधना होते; ते आम्ही खोडले.

पैशांची तजवीज भिशीतून चालली आहे. दरमहा पाचशे रुपये प्रत्येकी, आणि दोन घरांचे आणखी कोणीतरी भरते आहे. कोण, ते त्या घरांना कळलेले नाही. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे-सवलत २०२० साली बंद झाल्याने आमचा हिशेब बराच फुगला. आरक्षणही पूर्वीसारखे एकशेवीस दिवस आधी होत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत साठ दिवसांवर आली आहे. म्हणजे डिसेंबरच्या आरंभी, आगमनकाळाच्या धांदलीत, आमची दोन मुले बोरिवलीच्या खिडकीवर पहाटेपासून उभी राहतील. सुवर्णमंदिर मेलने जावयाचे आहे; जुन्या लोकांची ती फ्रंटियर मेल. बोरिवलीला थांबते, त्यामुळे सामानासह मुंबई सेंट्रल गाठावे लागत नाही. आजींसाठी खालचा बाक मागायचा आहे. आणि स्मारकापाशी मेणबत्ती लावू देतात की नाही, हे पत्र लिहून विचारण्याचे काम त्यांच्या नातवाकडे दिले आहे. नाही म्हणाले तर ती कॅथीड्रलमध्ये लावू, असे आम्ही सुचविले. आजी म्हणाल्या, आधी नाव सापडू दे.