हिवऱ्याची पंगत आणि चिनी भजी

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमाला जायचे ठरले, तेव्हा अक्काने बजावले, "मी बाहेरचं काही खाणार नाही हं!" सोवळ्यात सत्तरी गाठलेली बाई, डबा बरोबर घेतलाच.

शुकदास महाराजांनी उभारलेल्या इथल्या विवेकानंद आश्रमात पौष वद्यात स्वामीजींचा जन्मोत्सव होतो. शेवटी महाप्रसाद: पुरी आणि वांग्याची भाजी! लाखावर माणसे उघड्या रानात ओळीने बसतात आणि वाढप चक्क ट्रॅक्टरवरून चालते. अक्का डबा मांडीवर धरून बसली. शेजारची बाई म्हणाली, "आजी, पुरी निवून राहिली ना!" अक्काने तिला नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. डबा मागे सरकवला आणि पुरी मोडली. भाजी झणझणीत होती. डोळ्यांतले पाणी तिने तिखटावर ढकलले.

परतताना नातवाने 'चायनीज'ची गाडी हेरली. मांचुरियन मागवले. हा पदार्थ चीनचा नव्हे. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी तो 1975 मध्ये मुंबईत प्रथम केला, असे सांगतात. आले, लसूण, हिरवी मिरची आपलीच. वर सोया सॉस. मला मीठ जास्त वाटले.

अक्काने न सांगता एक गोळा उचलला.

"अरे, ही तर कोबीची भजी! रस्सा तेवढा काळा."

डबा घरी आला तो न उघडताच.